शेवटच्या पुस्तकाचा हिशेब

या व्याख्यानमालेच्या चालकांनी मला पाचारण केले तेव्हा मी बिडी कामगारांच्या किमान वेतनावर बोलावे अशी त्यांची अपेक्षा होती. तो विषय माझ्या हाडीमासी खिळलेला आहे. झोपेतून उठवले तरी मी त्यावर तासभर बोलेन. पण गेली तीस वर्षे तेच बोलत आलो आहे, आणि श्रोत्यांच्या सोशिकपणालाही काही मर्यादा असते. म्हणून या खेपेस मी विषय मागून घेतला: एका अमेरिकन कादंबरीमालेचे शेवटचे पुस्तक आणि त्यावरून वाचकांत पडलेली फूट. चालकांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिले, आणि होकार दिला. मी सातवीपर्यंत शाळा पाहिलेला माणूस. इंग्रजी शिकलो ते कामगार कायद्याचे पुस्तक एका मांडीवर आणि शब्दकोश दुसऱ्या मांडीवर घेऊन. तेव्हा साहित्याचा पंडित म्हणून मी बोलत नाही, हे आरंभीच सांगून टाकतो.

हा विषय माझ्याकडे आला तो माझ्या घराच्या पडवीतून. २०१२ सालच्या उन्हाळ्यात माझी मुलगी नागपूरहून सुटीला आली ती मैत्रिणीकडून चार जाडजूड इंग्रजी पुस्तके घेऊन. दुपारी आमच्या पडवीत माझी पत्नी आणि आळीतल्या पाचसात बाया सुपे मांडीवर घेऊन बिड्या वळीत बसतात. बिडी वळणारीचे हात गुंतलेले असतात, डोळे अर्धे गुंतलेले असतात, कान मात्र पुरते मोकळे असतात. मुलीने पहिल्या पुस्तकाची गोष्ट सहज सांगावयास घेतली आणि मग तिची सुटका राहिली नाही. रोज दोनतीन प्रकरणे, तीही आपल्या बोलीत. असा सारा उन्हाळा गेला. मीही सभेला जावयाचे नसे त्या दिवशी दाराआड बसून ऐकत असे.

हे पाहून मला क्यूबाची आठवण झाली. हवाना शहरातील ‘एल फिगारो’ नावाच्या सिगार कारखान्यात १८६५ साली कामगारांनी एक प्रथा पाडली. त्यांच्यातलाच एक जण उंच जागी बसून मोठ्याने वाची, आणि त्याची मजुरी बाकीचे आपल्या खिशातून भरून देत. वर्तमानपत्र होई, मग कादंबरी. आणि कोणती कादंबरी घ्यावयाची ते कामगार मते देऊन ठरवीत. वर्ष उलटते न उलटते तो, १८६६ साली, सरकारने या वाचनावर बंदी घातली. वळणारे हात विचार करू लागले की सरकारला आणि मालकाला झोप येत नाही, हा अनुभव काही भंडाऱ्यापुरता नाही. पण प्रथा मेली नाही. ती स्थलांतरित कामगारांबरोबर समुद्र ओलांडून अमेरिकेतील टँपा शहरी गेली, आणि तेथील मालकांनी १९३१ साली वाचणाऱ्यांना कारखान्यांतून काढले तेव्हा त्यावरून मोठा झगडा झाला. ‘माँटेक्रिस्टो’ हे प्रसिद्ध सिगारचे नाव ड्यूमाच्या कादंबरीवरून पडलेले आहे, ते उगीच नव्हे. आपल्या देशातही केरळात कण्णूरकडे बिडी कामगारांत वर्तमानपत्र वाचून दाखवण्याची चाल होती. १९६९ साली निघालेल्या ‘दिनेश बिडी’ या सहकारी संस्थेतही ती चालू राहिली.

हे मी विस्ताराने सांगितले त्याला कारण आहे. ज्याने आपल्या मजुरीतून ऐकण्याचे पैसे मोजले त्याला गोष्टीबद्दल मत असते, आणि ते मत तो लपवीत नाही. पुस्तक विकत घेणारी अमेरिकेतली सोळा वर्षांची मुलगी आणि हवानाचा सिगार वळणारा यांच्यात मला या बाबतीत फरक दिसत नाही.

आता गोष्टीकडे वळू. ती रक्तपिपासू पिशाच्चांची आहे. आपल्याकडे मुंजा, हडळ, खवीस, वेताळ अशी मंडळी भरपूर आहेत. पण मेलेला माणूस थडग्यातून उठतो आणि जिवंताचे रक्त पिऊन अमर राहतो ही कल्पना मुख्यतः पूर्व युरोपातली. ब्रॅम स्टोकरच्या ‘ड्रॅक्युला’ने (१८९७) ती जगभर नेली. मराठीत नारायण धारपांनी स्टीफन किंगच्या एका कादंबरीवरून ‘लुचाई’ लिहिली, ती पुष्कळांनी रात्री दिवा न मालवता वाचली असेल. माझी या पिशाच्चाशी ओळख झाली ती मात्र मार्क्सच्या ‘भांडवल’ ग्रंथात. भांडवल म्हणजे मेलेले श्रम, आणि ते जिवंत श्रमाचे रक्त शोषून जगते, अशी उपमा त्याने दिली आहे. त्यामुळे हे पिशाच्च कोणा मुलीचा प्रियकर असू शकते हे पचवणे मला प्रथम फार जड गेले.

लेखिका स्टेफनी मेयर. अमेरिकेतल्या अॅरिझोनात राहणारी, तीन मुलांची आई. २००३ सालच्या जून महिन्यात तिला पडलेल्या एका स्वप्नातून ही कथा निघाली असे तिनेच सांगितले आहे. ‘ट्वायलाइट’ २००५ साली, ‘न्यू मून’ २००६ साली, ‘एक्लिप्स’ २००७ साली आणि शेवटचे ‘ब्रेकिंग डॉन’ २ ऑगस्ट २००८ रोजी प्रसिद्ध झाले. नायिका बेला, वय सतरा, फोर्क्स नावाच्या पावसाळी गावात बापाकडे राहावयास येते. वर्गातला एडवर्ड तिला आवडतो. तो १९१८ सालच्या इन्फ्लुएंझाच्या साथीत मरता मरता पिशाच्च झालेला. तेव्हापासून त्याचे वय सतराच आहे. त्याचे कुटुंब माणसाचे रक्त पीत नाही, जनावरांवर भागवते. दुसरीकडे जेकब हा क्विल्युट जमातीचा मुलगा तिच्यावर जीव टाकतो. क्विल्युट ही खरोखरच अस्तित्वात असलेली, समुद्रकाठची लहानशी आदिवासी जमात. कादंबरीत तिच्यातले तरुण लांडग्याचे रूप घेतात आणि पिशाच्चांशी त्यांचे जुने वैर आहे. बेलाला एडवर्डसारखे अमर व्हावयाचे आहे.

तीन पुस्तके हा एकच प्रश्न धसास लावीत जातात: असे होण्याची किंमत काय? आणि लेखिकेने ती किंमत स्वतःच्या हाताने, कलमवार लिहून ठेवली आहे. आईबाप कायमचे तुटतील. मूल कधी होणार नाही. एडवर्डच्या घरची रोझाली हे दुःख बेलाला तिसऱ्या पुस्तकात मुद्दाम सांगते. नवे पिशाच्च बराच काळ रक्ताच्या तहानेने वेडेपिसे असते, तेव्हा हातून खून होईल. लांडग्यांशी झालेला तह मोडेल. आणि जेकब दुरावेल. हे सारे माहीत असून बेला तयार होते, म्हणून वाचणाऱ्या मुलींना ती शूर वाटते. तीन वर्षे त्या या करारावर विसंबून राहिल्या.

शेवटचे पुस्तक साडेसातशे पानांचे. प्रकाशकाने पहिल्याच छपाईत ३७ लाख प्रती काढल्या; अमेरिकेत दुकाने मध्यरात्री उघडली आणि पहिल्या दिवशी १३ लाख प्रती खपल्या. आपल्याकडे एवढी गर्दी स्वस्त धान्य दुकानापुढेच पहावयास मिळते. पण लवकरच याच वाचकांत दोन तट पडले. एक तट आनंदात होता: लग्न झाले, मूल झाले, सारे सुखरूप राहिले. दुसरा तट इतका संतापला की काहींनी पुस्तक दुकानात परत नेऊन देण्याची मोहीम काढली. जाळू नका, परत करा, असे त्यांचे म्हणणे. चळवळीतला माणूस म्हणून मी या घोषणेला दाद देतो. जाळलेल्या पुस्तकाचे पैसे प्रकाशकाच्याच गल्ल्यात राहतात. परत केलेल्या पुस्तकाचे पैसे त्याला मोजावे लागतात. आमच्याकडे सट्टेदार बायांनी वळलेल्या बिड्यांतून छाट काढतो आणि त्या बिडीची मजुरी बुडते. येथे उलटे झाले: माल घेणाऱ्या पोरींनी मोठ्या प्रकाशकाचा माल छाटीत काढला.

त्यांच्या तक्रारी काय होत्या? बेलाला दिवस जातात, पोटातले मूल झपाट्याने वाढून आईची हाडे मोडते, ती माणसाचे रक्त पिऊन त्याला जगवते, आणि बाळंतपणात मरतामरता एडवर्ड तिला पिशाच्च करतो. हा भाग कित्येकींना किळसवाणा वाटला. मुलीचे नाव दोन आज्यांची नावे जोडून ‘रेनेस्मी’ ठेवले, त्याची टवाळी झाली. आणि सर्वांत मोठी तक्रार म्हणजे सगळी रक्कम माफ झाली. मी वही घेऊन बसलो. मूल होणार नाही असे म्हटले होते, झाले. तहान आवरणार नाही म्हटले होते. बेला पहिल्याच दिवसापासून आवरते. बाप तुटेल म्हटले होते; बाप घरी येतजात राहतो. तह मोडेल म्हटले होते. जेकबच परवानगी देतो. जेकब दुरावेल म्हटले होते, तर त्या जमातीत म्हणे एखाद्या व्यक्तीवर जन्मभराची निष्ठा अकस्मात जडते, आणि जेकबची ती निष्ठा बेलाच्या नवजात मुलीवर जडते. तेव्हा तोही घरातच राहिला. ग्रंथव्यवसायाच्या ‘पब्लिशर्स वीकली’ने हेच बोट ठेवले की कोणालाच काही सोडावे लागत नाही.

मी वाटाघाटीच्या मेजावर पुष्कळ करार होताना पाहिले आहेत. ज्या करारात दोन्ही बाजूंनी काहीच सोडलेले नसते तो करार वाचताना मी चष्मा पुसून पुन्हा वाचतो. कोठेतरी एक कलम असते आणि ते सहा महिन्यांनी कामगाराच्या अंगावर येते. रागावलेल्या वाचकांचा राग मला म्हणून पोरकट वाटला नाही. सुखाचा शेवट झाला म्हणून त्या रागावल्या नव्हत्या. तीन पुस्तकांत बेलाने ज्या त्यागाच्या जोरावर त्यांचा आदर मिळवला तो त्याग चौथ्यात कधी करावाच लागला नाही, तेव्हा तो आदर खोट्या हुंडीवर काढला गेला असे त्यांना वाटले.

एका तक्रारीत मात्र मी त्यांच्या बाजूचा नाही. पुस्तकाच्या अखेरीस व्होल्तुरी नावाची पिशाच्चांची सत्ताधारी मंडळी बेलाच्या मुलीला मारावयास फौजेनिशी इटलीहून येते. वाचक मोठ्या लढाईची वाट पाहतात आणि लढाई होतच नाही. एडवर्डच्या घरच्यांनी जगभरातून साक्षीदार गोळा केलेले असतात. दक्षिण अमेरिकेतून अशाच संकरातून जन्मलेला दीडशे वर्षांचा एक तरुण आणून उभा केला जातो, म्हणजे असे मूल धोक्याचे नसते हे सिद्ध होते, आणि फौज परत जाते. पुष्कळांना हा पळपुटेपणा वाटला. लेखिकेने याला ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’चा आधार सांगितला आहे: तेथेही तलवार चालत नाही, कोर्टात शब्द चालतो, मांस घे पण रक्ताचा थेंब सांडता कामा नये, असे पोर्शिया म्हणते आणि खटला उलटतो. पिशाच्चांच्या गोष्टीला याहून चांगले नाटक कोणते सापडणार! मुखपृष्ठावर तिने बुद्धिबळाचा पट ठेवला: पुढे पांढरी राणी, मागे लाल प्यादे. बेला प्याद्याची राणी झाली, असा तिचा अर्थ. मला साक्षीदारांची गोष्ट पटते. सत्ता अंधारात एकट्यादुकट्याला चिरडते. चार गावचे लोक नुसते येऊन उभे राहिले तरी तिला हिशेब करावा लागतो. संप न करता मिळालेला विजय आमच्यातल्या तरुणांनाही फिका वाटतो. ज्यांनी लांबलेल्या संपात चुली विझलेल्या पाहिल्या आहेत त्यांना तसा वाटत नाही.

आता पडवीतले सांगतो. गोष्ट संपली त्या दुपारी जे झाले ते मी विसरलेलो नाही. आळीतली सर्वांत वडील बाई म्हणाली, “मंग एवढे लोक कायले जमवले होते? कोनीच नाही मेलं?” म्हणजे अमेरिकन वाचकांची तक्रार शब्दशः. जेकब आणि तान्ह्या मुलीचे ऐकून एक जण बराच वेळ गप्प होती. तिचे स्वतःचे लग्न पंधराव्या वर्षी झालेले. मग ती म्हणाली, “हे तं आमच्यासारखंच झालं. पाळण्यातच ठरवून टाकलं. पोरीले कोनी इचारलं?” हाच प्रश्न अमेरिकेतल्या टीकाकारांनीही केला होता, यावर समाधानकारक उत्तर मला पुस्तकात सापडले नाही.

तिसरी एक विधवा बाई. बिड्या वळून तिने दोन मुले वाढवली. तिला शेवट फार आवडला होता. मी दाराआडून बाहेर आलो आणि माझ्या वहीतला हिशेब, कोणते कलम कसे माफ झाले तो, तिला समजावून दिला. पुस्तकाने जे वचन दिले ते पाळावे, असे माझे म्हणणे. दाखला म्हणून मी हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ सांगितली. हरिभाऊंनी १८९० साली ‘करमणूक’ काढले आणि ही कादंबरी तीत क्रमाक्रमाने छापली. १८९३ साली ती पुस्तकरूपाने आली. यमू विधवा होते, तिचे केशवपन जबरीने होते आणि ती मरते. त्या काळचा वाचक आठवड्यामागून आठवडा वाट पाहत हे वाचत होता. त्यालाही यमू वाचावी असे वाटलेच असेल. पण हरिभाऊंनी किंमत माफ केली नाही. केली असती तर पुस्तक खोटे ठरले असते आणि शंभराहून अधिक वर्षे टिकले नसते.

ती बाई हातातली बिडी पुरी करून म्हणाली, “तुमच्या पुस्तकात बाई मरते तं ते खरं, अन् ह्या पुस्तकात पोरीले सारंच भेटलं तं तुमच्या पोटात दुखते. किंमत सदानकदा बाईनंच द्यावं काय?”

सभांतून मला पुष्कळ अडचणीचे प्रश्न आले आहेत; त्या दुपारी मात्र मला उत्तर पटकन सुचले नाही. रात्री सुचले, ते असे. यमूने काही निवडले नव्हते. तिच्यावर लादले गेले, आणि हरिभाऊंची कादंबरी त्या लादणाऱ्यांवरचा आरोपपत्र आहे. बेलाने स्वतः निवडले, किंमत माहीत असून निवडले. तिला किंमत द्यावी लागावी असे म्हणणे म्हणजे तिला शिक्षा व्हावी असे म्हणणे नव्हे. तिच्या शब्दाला वजन राहावे असे म्हणणे आहे. दुसऱ्या दिवशी मी हे तिला सांगितले. माझे उत्तर मला आजही बरोबर वाटते. तिला ते पटले नाही. तिने विचारले, पुरुषांच्या गोष्टींत शेवटी राज्य मिळते आणि राणीही मिळते, तेव्हा तुम्ही वही काढता काय? मी वही काढत नव्हतो, हे मला कबूल करावे लागले.

लेखकावर वाचकाचा हक्क किती, हा याच्या पोटातला प्रश्न. शेरलॉक होम्सला कॉनन डॉइलने १८९३ साली मारले, आणि वाचकांच्या रेट्यापुढे व प्रकाशकांच्या पैशापुढे नमून १९०३ साली जिवंत केले. मेयरबाईंनी आपला शेवट बदलला नाही. किंबहुना त्या शेवटाचे मूळ ‘फॉरएव्हर डॉन’ या नावाने, पहिली कादंबरी छापून येण्यापूर्वीच, तिने लिहून ठेवले होते. तेव्हा तिने ऐनवेळी दगा दिला हा आरोप टिकत नाही. मधली दोन पुस्तके मागाहून लिहिताना तिने किंमत वाढवत नेली आणि शेवट मात्र जुनाच ठेवला, असे फार तर म्हणता येईल. आणि मला वाटते फुटीचे खरे कारण येथे आहे. पुस्तकाला २००९ साली ब्रिटनमध्ये वर्षातल्या उत्तम बालपुस्तकाचे पारितोषिकही मिळाले. वाचकांचा एक तट तेव्हाही परत केलेल्या प्रतींची गोष्ट सांगत होता.

तडजोड काढली ती चित्रपटवाल्यांनी. शेवटच्या पुस्तकाचे दोन चित्रपट झाले, एक २०११ च्या नोव्हेंबरात, दुसरा २०१२ च्या. दुसऱ्यात त्यांनी लढाई दाखवली. मुंडकी उडाली, आवडती माणसे पडली. आणि मग कळते की हे सारे अॅलिस नावाच्या मुलीने व्होल्तुरींच्या प्रमुखाला दाखवलेले भविष्य होते. लढलात तर असे होईल. ते पाहून तो फौज मागे घेतो. शेवट पुस्तकातलाच राहिला, आणि प्रेक्षकांच्या पदरात लढाईही पडली. वाटाघाटी करणाऱ्याने शिकावे असे काही त्यात आहे, पण त्यावर मी आज बोलत नाही.

पुढल्या उन्हाळ्यात मुलीने तो चित्रपट आणला. पडवीतल्या बाया आमच्या घरात दाटीवाटीने बसल्या. मुलगी संवाद सांगत होती. पहिले मुंडके उडाले तेव्हा वडील बाईने टाळी वाजवली. सगळे भविष्य होते हे कळल्यावर ती म्हणाली, “हे बरं झालं. लढाई भी झाली अन् कोनी मेलं भी नाही.” तिसरी म्हणाली, “तं मंग खोटीच लढाई.” यावरून दोघींची जुंपली ती दिवेलागणीपर्यंत, आणि त्या दिवशी कोणाचाच हजार पुरा झाला नाही. दुसऱ्या दुपारी मुलीने विचारले, आता कोणते पुस्तक सांगू? तिने दोनतीन नावे घेतली. बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. मग वडील बाई म्हणाली, “पहिले शेवट सांग. मंग ठरवू.”